वजनाला मामी

माझ्या मामीने लग्नानंतर आठवडाभरातच रोलर कोस्टरमध्ये पाय ठेवला. हौस म्हणून नव्हे. त्या सकाळी गाडीत वजन कमी पडत होतं म्हणून.

मामा गावाबाहेरच्या करमणुकीच्या पार्कात कामाला होते. तिथे आगगाडीच्या पुलाएवढा उंच, अख्खा लाकडाचा एक रोलर कोस्टर होता. पुढे मालकांनी लहान मुलांसाठी लोखंडाचा एक छोटा आणला, तेव्हा या जुन्या लाकडी धुडाचं नाव थोरली पडलं आणि त्या छोट्याचं धाकटी. थोरलीचा ब्रेक हाताने ओढावा लागे. फलाटाच्या टोकाला माणसाच्या उंचीचा एक दांडा होता, तो ओढला की खालच्या फळ्या गाडीच्या पोटाला घासत आणि गाडी थांबे. तो दांडा ओढणं हे मामांचं काम. तीस वर्षं त्यांनी तेच केलं, आणि दांड्यापाशी माणूस लागतोच म्हणून गाडीत ते एकदाही बसले नाहीत.

आता वजनाचं सांगायला हवं, नाहीतर मामी कळणार नाही. असल्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि वरून सोडून देते. पुढचं सगळं गाडीने आपल्या वजनावर निभवायचं. जितक्या जोरात खाली येईल तितकी पुढच्या उंचवट्यावर चढेल. गाडी रिकामी असली, त्यात थंडीने चाकांतलं ग्रीस घट्ट झालं असलं, की तिसऱ्या उंचवट्याशी तिचा दम संपे. म्हणून सकाळच्या पहिल्या फेरीला गिऱ्हाइकं कमी असली की मोकळ्या जागी वाळूची पोती ठेवायची पद्धत होती.

"पोती उचलून आणावी लागतात," मामा म्हणायचे. "बायको स्वतः चालत येते."

पार्कातल्या कामगारांची घरं भिंतीला लागूनच होती. मामा फलाटावरून हाक मारत, "अगं, ये गं!" आणि मामी हातातलं काम हातात घेऊनच निघे. पहिल्या दिवशी ती फार ओरडली म्हणे. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. महिन्याभरात ती वाटाण्याच्या शेंगांची पिशवी घेऊन जाऊ लागली. साखळी गाडीला वर ओढत असताना शेंगा सोलायच्या, माथ्यावर पोचलं की पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरायचं, आणि उतार संपला की पुन्हा सोलायला लागायचं. मागच्या डब्यातली पोरंसोरं 'मेलो, मेलो' म्हणून गळा काढत असत आणि पुढे मामी एक किडका दाणा निवडून बाहेर टाकत असे. पैसे देऊन ओरडायला आलेल्या लोकांचा त्याने विरस होतो, अशी एका गिऱ्हाइकाने मालकांकडे तक्रारही केली होती.

"मग त्यांनी काय केलं?" मी एकदा विचारलं होतं.

"मला मागच्या डब्यात बसवलं," मामी म्हणाली. "तिथे उजेड कमी. शेंगा नीट दिसेनात."

मामांना मात्र या नोकरीने एक वाईट खोड लावली. समोरच्या माणसाकडे बघितलं की त्यांना त्याचं वजन दिसे. आपल्याला चेहरा दिसतो तसं. आणि दिसलं की ते मोठ्याने म्हणत. नव्या ओळखीच्या माणसाला नमस्कार करण्याआधी "त्र्याहत्तर" म्हणणारा माणूस घरोघरी किती लाडका असेल याचा विचार करा. जेवायला बसताना ते पाहुण्यांना उठवून जागा बदलायला लावत, कारण टेबलाची एक बाजू जड होतेय. माझ्या लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायच्या वेळी त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं, "तुम्ही मागच्या रांगेत डावीकडे या, तिथला भार हलका पडतोय." सासूबाईंनी त्या दिवसापासून मामांचं नाव टाकलं, ते आजतागायत. फोटो मात्र झकास आला आहे.

सगळ्या जगाचं वजन ते रोज नव्याने करत, पण मामीचं करत नसत. गरज नव्हती. मामी हे त्यांचं माप होतं. लग्नात ती एका पोत्याएवढी होती, मग हळूहळू दीड पोत्याची झाली आणि चौऱ्याऐंशी किलोवर येऊन थांबली. "ही आली की डोळे मिटून गाडी सोडावी," असं ते अभिमानाने सांगत. ते अक्षरशः डोळे मिटूनच सोडत होते, हे पुढे कळायचं होतं.

मग पार्क बंद झालं. बंद होण्याची गोष्ट मोठी नाही. मालक गेले, त्यांच्या मुलांना पाळण्यांपेक्षा जमिनीत रस होता, आणि लोकांनाही आता घरबसल्या घाबरता येऊ लागलं होतं. सामान एकेक करून विकलं गेलं. तळ्यातल्या होड्या एका मासेवाल्याने नेल्या. आरसेमहालातले आरसे एका कापडवाल्याने स्वस्तात घेऊन दुकानात लावले, पण घाईत त्याने जाड दाखवणारा आरसा नेमका बायकांच्या कपड्यांच्या खोलीत लावला. पार्कातलं बाकीचं सामान विकून होण्याआधीच ते दुकान बंद पडलं. चक्रीपाळण्याच्या घोड्यांपैकी एक न्हाव्याकडे गेला; लहान मुलं आता त्याच्यावर बसून केस कापून घेतात. आणि एक घोडा मालकांच्या मुलांनी मामांना निरोपाची भेट म्हणून घरी पाठवला.

तो दारातून आत येईना म्हणून खिडकीची चौकट काढावी लागली. मामी कमरेवर हात ठेवून बघत होती. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," ती म्हणाली. "म्हण म्हणून ऐकलं होतं. आता घरात उभंच राहिलं." दुसऱ्या दिवसापासून तिने घोड्याच्या मानेवर ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली.

उरली थोरली. तिला कोणी वाली नव्हता. भंगारवाला म्हणाला, यात लोखंडापेक्षा लाकूड जास्त. लाकूडवाला म्हणाला, यात लाकडापेक्षा बोल्ट जास्त. मालकांच्या मुलांनी ठरवलं, वर्षभर वाट बघायची. गिऱ्हाईक आलं तर आलं, नाहीतर करवत लावून जळण म्हणून द्यायची.

आणि मामा घरी बसले.

नवरा नोकरीवरून घरी बसला म्हणजे नक्की काय होतं हे ज्या बाईच्या घरात घडलंय तिला सांगायला नको, आणि जिच्या घडलं नाही तिला सांगून कळणार नाही. मामा सकाळी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत, फलाटावर राहत तसे, एक हात चौकटीवर. "गॅस मोठा झालाय." "झाकण तिरकं आहे." "आता ढवळ. आता थांब." त्यांनी फळीवरचे डबे वजनाप्रमाणे लावले, जड मध्ये आणि हलके कडेला, म्हणजे फळी वाकणार नाही. फळी पंचवीस वर्षांत वाकली नव्हती. पण त्या दिवसापासून साखर कुठे आणि मीठ कुठे ते मामीला सापडेना. फ्रीजमध्येसुद्धा दूध एका बाजूला आणि कलिंगड दुसऱ्या बाजूला.

"शेजारची आली ना," मामीने मला फोनवर सांगितलं, "तर तिला म्हणतात, 'या, एकाहत्तर.' ती परत येईल का? सांग ना तू."

मामीने यावर एकच उपाय शोधला. ती फिरायला जाऊ लागली. आधी गल्लीच्या टोकापर्यंत. मग पोस्टापर्यंत. मग मामांनी पिठाची परात ओट्यावर कुठे ठेवायची हे शिकवलं, त्या दिवशी ती पुलापर्यंत गेली आणि तिथून पुढेही थोडी. परत आल्यावर ती थकलेली असे, भूकही मेलेली असे, म्हणून दोन घास खाऊन झोपे. असे आठ महिने गेले. मी मध्ये एकदा भेटायला गेले तर तिच्या जुन्याच कपड्यांना आतून पिना लावलेल्या. वरून तोच ढगळ स्वेटर.

"मामी, किती वाळलीस गं!"

"हळू बोल," ती म्हणाली. "यांना कळलं तर सोबत फिरायला येतील."

आणि मग एक दिवस गिऱ्हाईक आलं. म्हणजे आधी त्याचा फोन आला. शेजारच्या शहरातल्या एका पार्कच्या मालकीणबाई. थोरली चालत असेल तर त्या ती सुटी करून नेणार होत्या आणि आपल्या पार्कात उभारणार होत्या. शिवाय जुना माणूस मिळाला तर ब्रेकवर तोच हवा होता. बसने तासाभराचा रस्ता, सकाळी जायचं आणि रात्री परत. मात्र त्या स्वतः बसून एक फेरी मारणार, आणि मगच काय ते ठरवणार.

मामीने मला तातडीने बोलावून घेतलं. "तू पण ये वजनाला," ती म्हणाली. "उंदरांनी पोती फोडलीत. चारच शिल्लक आहेत. आणि हे बघ, ही गाडी गेली पाहिजे. म्हणजे तिच्याबरोबर हे पण जातील. ही फेरी चुकली तर मी उरलेलं आयुष्य त्या दारात उभ्या असलेल्या माणसासमोर ढवळत राहीन."

"मामांना काय वाटतंय?"

"त्यांना थोरली जळणात जाऊ नये असं वाटतं. मला मी जळणात जाऊ नये असं वाटतं. दोघांचं एकच म्हणणं आहे."

ठरल्या दिवशी कडाक्याची थंडी होती. पार्कात कमरेएवढं गवत वाढलं होतं. थोरलीचा पांढरा रंग सालपटासारखा निघाला होता, पण मामांनी आठवडाभर खपून रुळांवरचा गंज घासून काढला होता, एकेक बोल्ट पिळला होता आणि चाकांत ग्रीस भरलं होतं. म्हातारा पहारेकरी मदतीला होता.

मालकीणबाई आल्या आणि मामांचा चेहरा पडला. फोनवर बाईंचा आवाज चांगला जाडजूड होता, आणि त्या आवाजावरून मामांनी त्यांना नव्वद किलो धरलं होतं. समोर उभी होती एक काटकुळी बाई, हातात पर्स.

"शेहेचाळीस?" मामा अविश्वासाने म्हणाले.

"वय?" बाई गोंधळल्या.

"नाही, तसं नाही हो," मामी मध्ये पडली. "या, बसा तुम्ही."

मामांनी डोकं खाजवत पुन्हा हिशोब केला. मला बघितलं. "अडुसष्ट," ते पहारेकऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मागच्या खेपेला चौसष्ट होतीस. बरं झालं, उपयोगाला आलं." मग बाई, मी, चार पोती आणि मामी अशी बेरीज केली. पहारेकऱ्याने सुचवलं, अजून दोन दगड टाकू का? मामा म्हणाले, "बरोबर बसतंय. तीस वर्षं दगड लागले नाहीत."

मामीच्या तोंडाकडे मी बघितलं. ती पिशवीतल्या शेंगा चाचपत होती. नंतर ती म्हणाली, मला खरंच सुचलं नाही गं, ते अजून माझं जुनंच वजन धरून चाललेत हे.

गाडी सुटली. साखळी खडखडत आम्हाला वर न्यायला लागली. मामीने सवयीने पिशवी उघडली आणि शेंगा सोलायला लागली. बाई तिच्याकडे वळून वळून बघत होत्या. माथ्यावर पिशवीचं तोंड मिटलं, आणि आम्ही खाली कोसळलो. मी काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. पहिला उंचवटा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर गाडी चढू लागली, चढता चढता हळू झाली, अजून हळू झाली, माथा हातभर राहिला, आणि तिथे ती थांबली. देवळाच्या शेवटच्या पायरीवर म्हातारी थांबावी तशी. मग उलटी खाली आली.

मागे गेली, दुसऱ्या उंचवट्यावर अर्धी चढली, परत पुढे आली, परत मागे. झोपाळ्यासारखी झुलत झुलत शेवटी मधल्या खोलगट जागेत बसली. सगळं शांत झालं.

"हं," मामी म्हणाली, "गेली आता सकाळ."

आम्हाला जागेवर धरून ठेवणारा मांडीवरचा दांडा फलाटावरूनच सुटतो, किंवा मग कुणीतरी पहार घेऊन यावं लागतं. म्हणजे मामा येईपर्यंत आम्ही तिघी आणि चार पोती जागच्या जागी.

"येतील ना ते?" बाईंनी विचारलं.

"येतील. आधी थोडा वेळ त्यांचा विश्वास बसणार नाही," मामी म्हणाली. "शेंगा घ्या. हात मोकळेच आहेत."

बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि मूठभर शेंगा घेतल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्हाला एक विचारू? सगळे विकणारे मालाची स्तुती करतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मला माल विकायचा नाहीये. नवरा घराबाहेर काढायचाय."

मी तिला पायाने ढोसलं. मामीने माझा पाय बाजूला सारला. "ढोसतेस काय! खरं तेच सांगतेय. माणूस वाईट नाही हो. पण दिवसभर दारात उभा असतो."

"माझे वडील घरी बसले तेव्हा आई माळ्यावर राहायला गेली होती," बाई म्हणाल्या.

"आम्हाला माळा नाही," मामी म्हणाली.

तेवढ्यात रुळांच्या कडेच्या फळीवरून पहार खांद्यावर टाकून मामा आले. चेहरा पांढराफटक. आमच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. वाकून चाकं बघितली. चाकावर बोट फिरवून वास घेतला. बोट ओलं करून वारा बघितला. पोती हाताने दाबून बघितली. "वाळू सांडली असेल," ते स्वतःशीच पुटपुटले. "नाही सांडली. रूळ वर आलाय? नाही आला. काय झालं मग?"

"अहो," मामी म्हणाली.

"थांब जरा."

"अहो, मी कमी झालेय."

मामांनी वर बघितलं. मी त्यांना आजवर शेकडो माणसांकडे बघताना बघितलंय. एक क्षण पुरतो. मामीकडे ते बघतच राहिले. मामीने स्वेटरची बटणं काढली. आतल्या कपड्यांच्या चुण्या, पिना, खांद्यांची हाडं.

"अडुसष्ट," ते शेवटी म्हणाले.

"असेन."

"कधीपासून?"

"तुम्ही घरी बसल्यापासून. रोज फिरायला जाते ना मी."

"का पण?"

मामीने एक शेंग सोलली. "तुम्ही घरी बसल्यापासून," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा हळू.

मामांना ते कळायला वेळ लागला, पण कळलं. पहार टेकवून ते फळीवरच बसले. "सोळा किलो," म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोरून सोळा किलो गेले आणि मी शेजारणीचं वजन करत बसलो."

"दिव्याखाली अंधार," मामी म्हणाली. "आता ते जाऊ दे. दांडा सोडवा आधी, पाय बधिर झालेत."

गाडी बाहेर काढायला दुपार झाली. आम्ही उतरलो. पहारेकऱ्याने गवत कापायचा ट्रॅक्टर आणला, दोर कप्पीवरून घेऊन रिकामी गाडी उंचवट्यापार ओढली, आणि मामांनी ती फलाटाला आणून थांबवली. बाईंनी जायला हवं होतं, पण त्या गेल्या नाहीत. "मी एक फेरी बघायला आलेय," त्या म्हणाल्या. "अर्धीच झालीय."

आता वजन कुठून आणायचं? सोळा किलो हवेत, वर थोडे जास्तीचे. मामांनी पहारेकऱ्याकडे बघितलं. पहारेकरी दोन पावलं मागे सरला. "मला पगार जमिनीवर उभं राहायचा मिळतो," तो म्हणाला. दगडांचं वजन नजरेने ठरवायला मामा तयार होईनात; आपल्या मापावरचा विश्वासच उडाला होता म्हणा ना.

"माझ्या जागी तुम्ही बसा," मामी म्हणाली. "नव्वदीच्या पुढे आहात."

"मी? आणि ब्रेक कोण धरणार?"

"मी धरते."

"तुला काय कळतं ब्रेकमधलं?"

"तीस वर्षं तुमच्या ब्रेकचे झटके माझी मान खातेय," मामी म्हणाली. "कधी ओढायचा आणि कधी नाही, ते माझ्या मानेला विचारा."

मामांनी आमच्याकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं. मग टोपी काढून खिशात कोंबली आणि मामीच्या जागी, माझ्या शेजारी येऊन बसले. मामीने येऊन त्यांच्या मांडीवरचा दांडा लावला आणि दोनदा हलवून बघितला. मामा अवघडून हसले. "माहितीय मला, कसं लागतं ते."

चढावर ते मला माहिती सांगत होते. हा खांब कधी बदलला, ती फळी कुणी बसवली, इथे एकदा घारीने घरटं केलं होतं. माथा जवळ आला तशी माहिती कमी होत गेली. अगदी माथ्यावर त्यांनी खाली बघितलं, आणि म्हणाले, "अगं, पण पुढे रूळच नाहीये."

"आहे मामा. खाली आहे."

"थांबव म्हणावं तिला!"

मग जे झालं ते सगळ्या गावाने ऐकलं असेल. पार्क चालू असतानासुद्धा इतकं कोणी ओरडलं नव्हतं. त्यांनी आईला हाक मारली, आजीला मारली, मला 'काका' म्हणाले. माझं मनगट त्यांनी असं धरलं होतं की आठवडाभर निळं होतं. जिथे ब्रेकचा काही संबंध नाही अशा जागी ते "ब्रेक! ब्रेक ओढ!" असं ओरडत होते. तिसऱ्या उंचवट्यावर गाडी न रेंगाळता चढली आणि पलीकडे गेली, पण मामांना ते कळलंच नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते. या वेळी मात्र अभिमानाने नव्हे.

फलाट आला. मामी दांड्यापाशी उभी होती, दोन्ही हात वर, खांद्याला शेंगांची पिशवी. तिने दांडा हळूहळू आपल्याकडे घेतला. गाडी झटका न देता, सुस्कारा टाकल्यासारखी थांबली.

मामांनी एक डोळा उघडला. खाली वाकून फलाटावरची रेघ बघितली. "हातभर पुढे गेली," म्हणाले. मग दुसरा डोळा उघडला, दांडा सुटल्याबरोबर बाहेर आले आणि मालकीणबाईंसमोर हात जोडून उभे राहिले.

"बाई, घेऊ नका ही."

"अहो!" मामी किंचाळली.

"नका घेऊ. मला कल्पना नव्हती. मी माणसांना यात बसवत होतो? लहान लहान पोरांना? हसत हसत? जळणात जाऊ दे तिला. माणसं मरतील हो भीतीने."

मामीने कपाळावर हात मारला. एवढं करून, मान मोडून, शेवटी यांनीच माती खाल्ली. बाईंनी पर्समधून रुमाल काढला, वाऱ्याने डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि मामांकडे बघितलं.

"असं ओरडणारा माणूस मी कधी ऐकला नाही," त्या म्हणाल्या. "घेतली."

चार ट्रकमधून थोरली गेली. फळ्यांवर, खांबांवर खडूने आकडे घालून मामांनीच ती सुटी केली आणि बाईंच्या पार्कात उभी करायलाही तेच गेले. तोवर सगळं मामीच्या मनासारखं चाललं होतं. पण ब्रेकवर उभं राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला. "माहीत नव्हतं तोवर ठीक होतं," ते म्हणाले. "आता एखादं पोर गाडीत बसलं की मला पुढचं सगळं दिसतं. माझा हात आधीच ओढला जाईल."

समजावलं, भांडण झालं, मामी एक दिवस माझ्याकडे येऊन राहिली. काही उपयोग झाला नाही. ते पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "ज्योत मोठी आहे," म्हणाले.

त्याच वेळी बाईंचा फोन आला. माणूस मिळत नाही, आलेले दोघे गाडी अशी थांबवतात की लोकांची डोकी पुढच्या पाठीवर आपटतात. मामांना पुन्हा एकदा विचारून बघता का? मामीने फोन कानाला धरूनच दाराकडे बघितलं. मग ढवळायचा डाव आपल्या हातातून काढून नवऱ्याच्या हातात दिला.

"ते नाही येणार," ती फोनवर म्हणाली. "मी आले तर चालेल का?"

मी नंतर तिला विचारलं, एकदम कसं काय ठरवलंस? ती म्हणाली, "घरातून कुणीतरी एक जायला हवं होतं. कुणी, ते मी कुठे ठरवलं होतं?"

आता मामी रोज बसने जाते. थोरलीची गाडी तिथे मांजरीच्या पावलाने थांबते असं लोक सांगतात. सुरुवातीला दर वेळी रेघेच्या हातभर पुढे जायची, तर बाईंनी रेघच हातभर पुढे रंगवून घेतली. मामा घरी स्वयंपाक करतात. आधी सगळं करपत होतं. आता दारात उभं राहून सांगायला कोणी नाही म्हणून बरं होतं, असं ते स्वतःच म्हणतात. डबे पुन्हा जुन्या जागी लागले, कारण साखर सापडेना. शेजारीण येऊ लागली आहे. तिला ते नमस्कार करतात आणि ओठ गच्च मिटून घेतात.

परवा मी गेले होते तेव्हा संध्याकाळी मामी घरी आली. दारात आली आणि उंबऱ्यातच थांबली, आत येईना.

"काय गं मामी, पाय दुखतायत का?"

"थांब," ती म्हणाली, "त्यांचं बघून होऊ दे."

घोड्यावरच्या टॉवेलला हात पुसत मामा पुढे आले. त्यांनी तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. सावकाश, पुन्हा एकदा. मामी पिशवी धरून शांत उभी होती, फोटोला उभं राहतात तशी.

"अर्धा किलो कमी," मामा म्हणाले. "काय विसरलीस?"

"स्वेटर," मामी म्हणाली. "बसमध्ये राहिला."

आणि मग ती आत आली.